हाइव्ह परत बंद पडलं? पब्लिश दुसऱ्यांदा दाबायच्या आधी हे बघा

हाइव्ह म्हणजे ब्लॉकचेनवर चालणारं सोशल मीडिया, आणि तिथल्या लोकांकडून दर दोन-तीन महिन्यांनी तोच मेसेज येतो, "चालू आहे का कुणाचं?", मग खाली पाच-सहा जण "माझंपण बंद", मग कुणीतरी खवचटपणे विचारतो की ब्लॉकचेन आहे म्हणता ना, मग बंद कसं पडतं. प्रश्न खवचट असला तरी बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर नीट कळलं की निम्मं ट्रबलशूटिंग तिथेच संपतं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय, पुढच्या वेळी नुसती लिंक देईन.

आधी झालेला घोळ सांगते कारण त्यात चूक माझी होती. माझी मावशी मिरजेत असते, हाइव्हवर मराठीत रेसिपी टाकते, फोनवरूनच. तिने एका संध्याकाळी खपली गव्हाची हुग्गी लिहिली, फोटो टाकले, पब्लिश दाबलं. गोल गोल फिरत राहिलं आणि मग लाल पट्टी आली. तिने परत दाबलं. या वेळी वेगळी पट्टी आली, इंग्रजीत, पाच मिनिटांचं काहीतरी. तिने मला फोन केला.

"अगं, परत गेलं बघ ते."
"मावशी, जरा थांब आणि पाच मिनिटांनी परत दाब ना."
"म्हणजे पोस्ट गेली नाही?"
"नसेल गेली, दाब तू."

मी तेव्हा भाजी निवडत होते, स्क्रीन बघितलीच नाही. तिने पाच मिनिटांनी दाबलं, तरी प्रोफाइलवर काहीच दिसेना. तासाभराने मात्र दोन हुग्ग्या एकाखाली एक हजर.

तर ती पाच मिनिटांची पट्टी म्हणजे खरं तर चांगली बातमी होती आणि मला ते कळायला हवं होतं. हाइव्हवर एका खात्यावरून दोन नवीन पोस्टमध्ये किमान पाच मिनिटांचं अंतर लागतं, कमेंटला तो नियम नाही, नवीन पोस्टला आहे. आता बघा, पहिली पोस्ट साखळीवर (म्हणजे ब्लॉकचेनवर, अनेक सर्व्हरवर एकसारखी ठेवलेली नोंदवही) पोचलीच नसती तर साखळीने "पाच मिनिटं थांबा" म्हटलंच नसतं. ज्याअर्थी थांबा म्हणतेय त्याअर्थी पहिली पोस्ट तिच्याकडे नोंदली गेलीय, फक्त तुमच्या ॲपला ती दिसत नाहीये. त्यामुळे त्याआधीच्या पाच मिनिटांत तुम्ही दुसरं काही टाकलेलं नसेल आणि हा एरर आला, तर हात बाजूला ठेवा. काही ॲप प्रत्येक वेळी दाबल्यावर नवीन पर्मलिंक (पोस्टचा कायमचा पत्ता) तयार करतात, मग साखळीच्या दृष्टीने ती वेगळी पोस्ट होते आणि डुप्लिकेट पडतं. पर्मलिंक तोच राहिला तर ते नुसतं एडिट धरलं जातं, पण तुमचं ॲप यातलं काय करतं हे बहुतेकांना माहीत नसतं, मलाही तेव्हा नव्हतं.

आता बंद पडतं म्हणजे नक्की काय पडतं ते. हाइव्हवर दर तीन सेकंदाला एक ब्लॉक, म्हणजे नोंदींचा एक गठ्ठा, तयार होतो, म्हणजे मिनिटाला २०, दिवसाला २८,८००. हे ब्लॉक बनवतात विटनेस, मतांनी निवडलेले वरचे २० आणि मागच्या रांगेतला आळीपाळीने एक असे २१ जण, प्रत्येकाची एकेक पाळी, ६३ सेकंदांत एक फेरी पूर्ण. एखाद्याचा सर्व्हर बसला तर त्याची पाळी रिकामी जाते, तीन सेकंदांचं भोक पडतं आणि पुढचा उचलतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. हा भाग खरंच दणकट आहे.

पण तुम्ही कधी साखळीशी थेट बोलताच नाही. तुमचं ॲप बोलतं एका एपीआय नोडशी, म्हणजे ॲपला साखळी वाचून दाखवणाऱ्या सर्व्हरशी. तो नोड साखळीचे ब्लॉक वाचून त्यातनं कोण कुणाला फॉलो करतो, कुठली पोस्ट कुठल्या कम्युनिटीत, फीडमध्ये कुठला क्रम, हे सगळं वेगळ्या डेटाबेसमध्ये मांडून ठेवतो, त्या थराला हाइव्हमाइंड म्हणतात आणि तो साधा पोस्टग्रेस डेटाबेस आहे. फोटो तर साखळीवर नसतातच, पोस्टमध्ये फक्त फोटोचा पत्ता असतो आणि फोटो एका इमेज सर्व्हरवर. शिवाय वेबसाइट स्वतः कुठल्यातरी होस्टिंगवर, तिच्यापुढे कुठलीतरी सीडीएन (पानं जवळच्या सर्व्हरवरून पोचवणारी सेवा), त्याच्यापुढे डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा). म्हणजे दप्तरात नोंद पक्की आहे पण उतारा काढून देणाऱ्या खिडकीवर "सर्व्हर डाऊन" ची पाटी आहे, आपल्या लोकांना हे वेगळं समजवायची गरज नाही.

आणि आपण ज्याला बंद पडलं म्हणतो ते माझ्या अनुभवात जवळजवळ दर वेळी खिडकीचंच असतं. म्हणून पहिला प्रश्न कायम हा, की साखळी चालतेय का?

ते बघायला कुठलाही ब्लॉक एक्सप्लोरर, म्हणजे साखळीवरच्या नोंदी दाखवणारी साइट उघडा, हाइव्हहब वगैरे, आणि वरचा ब्लॉक नंबर बघा. दहा सेकंद थांबून परत बघा, तीन-चारने वाढला असेल तर साखळी ठणठणीत आहे. इथे दोन खड्डे आहेत. पहिला म्हणजे एक्सप्लोररसुद्धा कुठल्यातरी एपीआय नोडवरूनच वाचतो, तो तुमच्याच आजारी नोडवर बसला असेल तर तोही अडकलेला दिसणार, म्हणून एकाऐवजी दोन ठिकाणी बघा. दुसरा खड्डा वेळेचा, आणि यात भारतातले लोक हमखास पडतात. साखळीवरची वेळ यूटीसी असते, आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. रात्री ९:१० ला बघताना शेवटच्या ब्लॉकवर १५:४० लिहिलेलं दिसतं आणि माणूस ओरडतो की दुपारपासून साखळी बंद आहे. नाहीये, साडेपाच तास मिळवा. मी स्वतः एकदा ही बोंब ठोकलीय, आणि एका विटनेसने फार सभ्यपणे समजावून सांगितलं तेव्हा जमिनीत गेल्यासारखं झालं.

साखळी चालू आहे म्हटल्यावर पुढचं पाऊल, नोड बदला. पीकडी आणि एसेन्सी ही हाइव्ह वापरायची ॲप, त्यातल्या पीकडीमध्ये सेटिंग्जमध्ये एपीआय नोड निवडता येतो, एसेन्सीमध्ये सेटिंग्जमध्ये सर्व्हर म्हणून येतं. कुठला नोड आत्ता बरा आहे हे बघायला पीकडीचं बीकन नावाचं पान आहे, त्यावर नोडची यादी आणि कुणाची तब्येत कशी आहे ते दिसतं, त्यातला वरचा एखादा उचला. बहुतेक लोक वर्षानुवर्षं डीफॉल्टवरच असतात, त्यामुळे डीफॉल्ट नोडला सर्दी झाली की सगळ्या गावाला शिंका.

आता एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली. तुम्ही कीचेन (खात्याच्या गुप्त किल्ल्या, म्हणजे की, सांभाळून सही करून देणारं ॲप) वापरत असाल तर कीचेनचा नोड वेगळा आणि वेबसाइटचा नोड वेगळा. वाचायचं काम वेबसाइटच्या नोडवरून होतं, पण तुम्ही सही करून जे पाठवता ते कीचेन स्वतःच्या नोडवरून पाठवतं. म्हणून कधी कधी असं होतं की सगळं मस्त वाचता येतंय पण व्होट जात नाही, कमेंट जात नाही, आणि माणूस वेबसाइटला शिव्या घालत बसतो. कीचेनच्या सेटिंग्जमध्ये त्याला आरपीसी नोड म्हणतात तो बदला, किंवा आपोआप बदलणारा पर्याय चालू ठेवा. उलटंही होतं, पाठवलेलं जातं पण वाचताना दिसत नाही, आमच्या हुग्गीचं तेच झालं होतं.

त्या दिवशी ॲप ज्या नोडवरून वाचत होतं त्याचं हाइव्हमाइंड मागे पडलं होतं. नोडचा साखळी वाचणारा भाग वेगळा आणि हा मांडणीचा डेटाबेस वेगळा, त्यामुळे साखळी पुढे पळतेय आणि डेटाबेस धापा टाकत मागून येतोय असं होऊ शकतं. लक्षण ओळखायला सोपं आहे, एक्सप्लोररवर तुमच्या खात्यात व्यवहार दिसतो, पण प्रोफाइलवर पोस्ट नाही, व्होटचे आकडे जुने, नोटिफिकेशन गप्प. इथे नोड बदलून बघा, नाहीतर चहा करून घ्या. पोस्ट हरवलेली नाहीये, डेटाबेस साखळीला गाठेल तेव्हा सगळं आपोआप येणार, आमच्याकडे तासाभराने आलं तसं.

मागे पडलेल्या नोडचा आणखी एक त्रास आहे तो थोडा किचकट आहे पण सांगते. प्रत्येक व्यवहारावर एक्स्पायरीची वेळ घालावी लागते, आणि बरीच ॲप ती नोडला विचारून ठरवतात, म्हणजे नोड म्हणतो साखळीवर आत्ता इतके वाजलेत, ॲप त्यात काही मिनिटं मिळवतं आणि सही करतं. नोडच पंधरा मिनिटं मागे असेल तर तुमचा व्यवहार जन्मतःच मुदत संपलेला. मग एक्स्पायरेशनचा काहीतरी एरर येतो आणि तुम्ही फोनचं घड्याळ तपासत बसता. घड्याळ तपासाच, पण आधी नोड बदला.

आता ज्या केसमध्ये नोड, वेबसाइट, साखळी सगळं व्यवस्थित आहे आणि तरी तुमचं एकट्याचं चालत नाही, तिथे बहुतेक वेळा आरसी संपलेली असते. रिसोर्स क्रेडिट म्हणजे तुमच्या खात्याला मिळालेला वापराचा कोटा, तुमच्या हाइव्ह पॉवरच्या (खात्यात गुंतवून ठेवलेल्या हाइव्ह नाण्यांच्या) प्रमाणात, आणि रिकामा झाला की पूर्ण भरायला पाच दिवस लागतात. एरर साधारण असा येतो, "प्लीज वेट टू ट्रान्झॅक्ट, ऑर पॉवर अप हाइव्ह". हा आला की नोड बदलून काहीही उपयोग नाही, कारण खिडकी उघडी आहे, खिसा रिकामा आहे. थांबा किंवा ओळखीच्या कुणाकडून थोडी आरसी डेलिगेट करून, म्हणजे वापरायला उसनी घ्या, २०२२ च्या हार्डफोर्कनंतर (साखळीचे नियम बदलणाऱ्या अपडेटनंतर) नुसती आरसी डेलिगेट करता येते.

इथे मराठीवाल्यांसाठी खास भानगड आहे, आणि हे मी कुणी फारसं बोलताना ऐकलं नाही. आरसीचा खर्च व्यवहार किती बाइटचा आहे यावरही ठरतो. इंग्रजीतलं एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) एक बाइट, आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट, त्यात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगवेगळी चिन्हं मोजली जातात. म्हणजे "हुग्गी" लिहिलं की ह, उकार, ग, हलन्त, ग, वेलांटी अशी सहा चिन्हं, १८ बाइट. त्यामुळे तेवढ्याच लांबीच्या पोस्टला आपला कोटा इंग्रजीवाल्यापेक्षा जास्त कापला जातो. शिवाय एका व्यवहाराला साधारण ६४ केबीची मर्यादा आहे, तर देवनागरीत एकवीस-बावीस हजार चिन्हांच्या आसपास तुम्ही भिंतीला धडकता. लांबलचक प्रवासवर्णन लिहून पब्लिश होत नाहीये आणि एरर काही कळत नाहीये, तर दोन भाग करून बघा. नवीन खातं असेल तर हे आणखी लवकर होतं, आणि नवीन माणसाला वाटतं साइटच भंगार आहे.

बाकी किरकोळ. फोटोच्या जागी रिकामी चौकट म्हणजे इमेज सर्व्हर, मजकूर दिसतोय ना मग काळजी नको. "मिसिंग पोस्टिंग ऑथॉरिटी" म्हणजे चुकीची किल्ली (की) वापरलीत. घरच्या वायफायवर नाही पण मोबाईल डेटावर उघडतंय तर डीएनएस, राउटर बंद-चालू करा किंवा डीएनएस बदला. ब्राउझरमध्ये एक्स्टेंशन भरमसाट असतील तर प्रायव्हेट विंडोमध्ये बघा.

आणि खरंच साखळी थांबली तर? थांबते, तसं झालेलं आहे, लपवण्यात अर्थ नाही. हाइव्ह ज्या स्टीम नावाच्या ब्लॉकचेनमधून फुटून निघालं ती स्टीम २०१६ ची, रचना हीच, तीन सेकंद, विटनेस वगैरे. सप्टेंबर २०१८ मध्ये हार्डफोर्क २० च्या तोंडावर ही साखळी काही तास चक्क थांबली होती. २१ जण, वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या सर्व्हरवर, आणि तरी थांबली, कारण सर्व्हर वेगळे असले तरी सगळे चालवतात ते सॉफ्टवेअर एकाच घरचं. बग त्यात असेल तर माणसं किती आणि कुठं पसरलीत याला काही अर्थ राहत नाही, सगळे एकाच वेळी एकाच दगडाला ठेचकाळतात. मग २५ सप्टेंबरला हार्डफोर्क झाला, त्यातच ही आरसी पद्धत आली, आणि सुरुवातीच्या हिशोबात असा गोंधळ झाला की छोट्या खात्यांना काही काळ पोस्ट नाही, कमेंट नाही, व्होट नाही. साखळी चालू आणि माणसं बंद. तेव्हाचे जुने लोक अजून त्या आठवड्याच्या गोष्टी सांगतात.

सॉफ्टवेअर सगळ्यांचं एक असलं की हे, आणि वेगळं असलं की दुसरंच. ११ नोव्हेंबर २०२० ला इथेरियम या दुसऱ्या मोठ्या ब्लॉकचेनवर हे झालं. इथेरियम चालवणाऱ्या गेथ या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत एक दुरुस्ती होती जिचा गाजावाजा केला नव्हता, इन्फ्युरा (ॲपना इथेरियम वाचून दाखवणारी सेवा) जुन्या आवृत्तीवर होतं, एका व्यवहारावर दोघांचं मत वेगळं झालं आणि इन्फ्युरा चुकीच्या फांदीवर गेलं. इथेरियम चालू होतं, पण अर्धं जग इथेरियमकडे इन्फ्युराच्या खिडकीतून बघत होतं, मेटामास्क या वॉलेट सकट, त्यामुळे त्यांच्यापुरतं इथेरियमच बंद.

साखळी खरंच थांबली असेल तर तुम्ही काहीही करू शकत नाही हे आधी मान्य करा. कॅशे क्लिअर करून, ॲप उडवून परत टाकून, की परत परत पेस्ट करून काही होत नाही. मजकूर कॉपी करून नोट्समध्ये ठेवा आणि विटनेस लोक काय म्हणतायत ते साखळीच्या बाहेर बघा, डिस्कॉर्डवर किंवा एक्सवर. विकेंद्रित सोशल मीडिया बंद पडलं की त्याची बातमी मस्कच्या साइटवर बघायची, काय करणार.

आता मूळ प्रश्न, हे दुरुस्त का होत नाही. माझं मत असं की तांत्रिक कारणं दुय्यम आहेत, खरं कारण पैशाचं आहे. विटनेसला ब्लॉक बनवल्याबद्दल मोबदला मिळतो, तो साखळीच्या नियमातच आहे. पण जो एपीआय नोड चालवून लोकांना वाचून दाखवतो त्याला साखळी नियमाने एक पैसा देत नाही. मोठे विटनेस आपल्या कमाईतून सार्वजनिक नोड चालवतात, काही कामांना सामायिक निधीतून प्रस्ताव मांडून पैसे मिळतात, पण ते मतांवर अवलंबून. लिहिणाऱ्याला पगार आणि वाचून दाखवणाऱ्याला आभार, अशी व्यवस्था असेल तर तुटणार कुठे हे सांगायला ज्योतिषी नको.

आणि वाचून दाखवणं स्वस्त नाही. स्टीमचा पूर्ण नोड चालवायला त्या काळी शेकडो जीबी रॅम लागायची. नोव्हेंबर २०१८ मध्ये स्टीम बनवणाऱ्या स्टीमिट कंपनीने ७० टक्क्यांहून जास्त लोक कमी केले तेव्हा क्रिप्टोच्या पडलेल्या भावांबरोबर नोड चालवायच्या खर्चाचं कारणसुद्धा उघड दिलं होतं. नंतर बराच डेटा रॅममधून डिस्कवर हलवायचं काम त्यांनी केलं, आणि हाइव्ह वेगळं झाल्यावर, म्हणजे २० मार्च २०२० नंतर, नोड हलके करायचं काम चालूच राहिलं. आज परिस्थिती तेव्हापेक्षा कितीतरी बरी आहे, दहा-पंधरा सार्वजनिक नोड सहज सापडतात. पण लोक डीफॉल्ट बदलत नाहीत आणि काही ॲप आपोआप दुसऱ्या नोडवर जात नाहीत, मग दहा-पंधरा असून उपयोग काय.

हाइव्हवर नसलेल्यांसाठी थोडक्यात, कारण तिकडची मंडळीपण हेच विचारतात. फारकास्टर या दुसऱ्या विकेंद्रित सोशल मीडियावर तुमची ओळख ओपी मेननेट नावाच्या ब्लॉकचेनवर नोंदलेली असते पण पोस्ट तिथे नसतात, त्या आधी हब नावाच्या नोडवर होत्या आणि २०२५ पासून स्नॅपचेन या त्यांच्या नव्या जाळ्यावर. म्हणजे ओपी मेननेटला काही झालं तर नवीन खातं उघडताना त्रास, जुन्या माणसाला पोस्ट टाकायला हरकत नाही. आधी तुमचं नक्की काय अडतंय ते बघा, मग कुठला थर गेलाय ते कळेल. आणि जे बेस या कॉइनबेस कंपनीच्या ब्लॉकचेनवर चालतं, आधीचं फ्रेंडटेक ॲप किंवा आताची पैसे लागणारी मिनी ॲप, त्यांचा प्रकार तर वेगळाच. बेसवर ब्लॉक लावायचं काम एकट्या त्या कंपनीच्या सिक्वेन्सरकडे (व्यवहार क्रमाने लावणाऱ्या सर्व्हरकडे) आहे. ५ सप्टेंबर २०२३ ला, म्हणजे सगळ्यांसाठी खुलं होऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा ते पाऊण तासाच्या आसपास थांबलं. ५ ऑगस्ट २०२५ ला परत ३३ मिनिटं थांबलं, मुख्य सिक्वेन्सर मागे पडला म्हणून काम दुसऱ्याकडे सोपवलं आणि तो दुसरा अजून पूर्ण तयारच नव्हता. बदली खेळाडू मैदानात आला आणि बूट घालायचे राहिलेत. तिथे नोड बदलून काही होणार नाही, एकच गल्ली आहे.

आणि सगळ्यांच्या खाली क्लाउड आहेच. २० ऑक्टोबर २०२५, आपल्याकडे नरक चतुर्दशी, अभ्यंगस्नान आणि फराळ उरकून लोक दुपारी फोन घेऊन आडवे झाले आणि ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडच्या अमेरिकेतल्या एका मोठ्या विभागात डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेच्या डीएनएस नोंदीच गायब झाल्या, दोन आपोआप चालणाऱ्या प्रक्रिया एकमेकींच्या पायात आल्या म्हणून. कॉइनबेसला फटका, इन्फ्युराला फटका. त्यानंतर महिन्याभरात, १८ नोव्हेंबरला, आपल्या घड्याळात संध्याकाळी पाचच्या सुमाराला क्लाउडफ्लेअर या मोठ्या सीडीएनची पाळी, बॉट ओळखायच्या यादीची फाइल दुप्पट फुगली आणि ती वाचणारं सॉफ्टवेअर कोसळलं. त्या दिवशी एक्सच बंद, मग बातमी बघायला जायचं कुठे हा प्रश्नच. या दोन्ही दिवशी साखळ्या आपल्या ब्लॉक बनवत होत्या, फक्त तिथपर्यंत पोचायचे रस्ते खोदलेले. अशा दिवशी चार वेगळ्या वेबसाइट एकदम मेलेल्या दिसतात, ही खूण लक्षात ठेवा, एकच साइट मेली तर तिचा दोष, चार एकदम मेल्या तर क्लाउड.

एक सावधगिरी, आणि हे मात्र नीट वाचा. बंद पडलेल्या दिवशी फसवणाऱ्यांची दिवाळी असते. "साइट डाऊन आहे, या नवीन लिंकवरून लॉगिन करा", "खातं व्हेरिफाय करा", असे मेसेज आणि कमेंट बरोबर त्याच वेळी येतात कारण माणूस वैतागलेला असतो. पोस्ट टाकायला आणि व्होट द्यायला फक्त पोस्टिंग की लागते. ॲक्टिव्ह की पैशाच्या कामाला. ओनर की आणि मास्टर पासवर्ड तर कागदावर लिहून कपाटात, साइट बंद पडली म्हणून ओनर की मागणारा कुणीही असला तरी चोर समजा. मावशीची ओनर की मी तिच्या देव्हाऱ्याच्या खालच्या खणात ठेवायला लावलीय, पंचांगात घालून.

आणि लिहायचं ॲपच्या चौकटीत नाही. नोट्समध्ये लिहा, तिथून पेस्ट करा. ॲप ड्राफ्ट सेव्ह करतं म्हणतं, पण तो ड्राफ्ट त्याच्याच सर्व्हरवर असला आणि तोच झोपला तर रेसिपी परत आठवत बसा, आणि मावशीची मापं अशीही "अंदाजाने" असतात.

परत कुणी विचारलं तर मला फक्त एवढं पाठवा, एक्सप्लोररवर ब्लॉक नंबर वाढतोय की नाही, एररचे नेमके शब्द किंवा स्क्रीनशॉट, ॲपमध्ये कुठला नोड आणि कीचेनमध्ये कुठला. "चालत नाहीये" एवढंच पाठवलं तर मी भाजी निवडत असेन आणि परत दाबा म्हणून सांगेन.

त्या डुप्लिकेट हुग्गीचं काय झालं ते राहिलं. हाइव्हवर पोस्ट डिलीट करता येते पण तिच्यावर व्होट पडलेलं नसेल आणि कुणी कमेंट केलेली नसेल तरच, आणि तरी साखळीच्या इतिहासात ती राहतेच. आम्ही डिलीट करायला गेलो तेवढ्यात कुणीतरी दुसऱ्या हुग्गीखाली विचारून ठेवलं होतं की खपली गहू नसेल तर साधा गहू चालेल का. मग डिलीटचं बटण काम करेना. मावशीने त्याला उत्तर दिलं, चालेल पण भिजवायला कमी वेळ लागेल, आणि मजकूर एडिट करून वर लिहिलं, ही चुकून दोनदा गेलीय, गूळ मात्र एकदाच घाला.